गोंड गोवारी : एका नोंदीचे वाचन

बलिप्रतिपदेला गोंदिया-भंडाऱ्याकडच्या गावांत गायगोधन असते. गायी धुऊन, शिंगे रंगवून आखरावर आणतात, शेणाच्या गोधनावरून त्यांना नेतात आणि गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात. वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्या माणसाला त्या दिवशी दारोदारी मान असतो. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा नुसता 'गायकी'. याच माणसाच्या जातीच्या नावावरून १९९४ साली नागपुरात माणसे मेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. या लेखात मी त्या नावामागचे एक पुस्तक वाचणार आहे. खटला त्या ओघात येईल तेवढाच.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठराव्या क्रमांकावर गोंड आहेत. त्या एका क्रमांकाच्या पोटात राजगोंड, माडिया, माना, गायकी अशी नावांची लांबलचक रांग आहे आणि त्या रांगेत 'गोंड गोवारी' हे नाव आहे. नुसते 'गोवारी' हे नाव नाही. गोवारी समाजाचे म्हणणे असे की गोंड गोवारी म्हणजे आम्हीच. शासनाचे म्हणणे असे की गोंड गोवारी वेगळे आणि गोवारी वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले, त्यांत बायका आणि लेकरे फार. त्यानंतर गोवारींना विशेष मागास प्रवर्ग मिळाला, जमातीचा दाखला नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. त्याचा मुख्य आधार असा, की 'गोंड गोवारी' नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच पूर्णपणे नामशेष झाली होती. मग १९५६ च्या यादीत ते नाव आले ते कोणासाठी? अर्थात गोवारींसाठी. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातले नाव जसे आहे तसेच वाचायचे, ते नाव हयात आहे की नाही याची चौकशी न्यायालयाने करायची नाही, गोवारी आणि गोंड गोवारी एक नव्हेत, असा त्याचा सारांश. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्या मात्र न्यायालयाने राखल्या.

मी वकील नाही आणि कायद्याच्या अंगाने दुसरा निकाल मला अनपेक्षित वाटला नाही. हलबा-कोष्टी प्रकरणात २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने हाच दंडक घातला होता. मला अडवले ते '१९११ पूर्वी नामशेष' या शब्दांनी. एखादी जमात कोणत्या वर्षी संपली हे इतके नेमके कसे कळले? साथ आली होती? दुष्काळात गेली? त्या वर्षाचा माग काढत गेलो तेव्हा मी एका पुस्तकातल्या एका छोट्या टिपणापाशी पोचलो.

ते पुस्तक म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ. तो १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने काढला. रॉबर्ट व्हेन रसेल हे सनदी अधिकारी, प्रांताच्या जातिवर्णन खात्याचे प्रमुख. रायबहादूर हिरालाल हे कटनीकडचे, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, पुढे शिलालेखांचे मोठे जाणकार म्हणून नावाजलेले. ग्रंथ हाती येण्याआधीच रसेल गेले. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडालेल्या 'पर्शिया' जहाजावर ते होते. म्हणजे आपल्याकडे जात पडताळणीपासून उच्च न्यायालयापर्यंत ज्या ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्याच्या पहिल्या लेखकाला तो छापून आलेला पाहताही आला नाही. त्यात दुरुस्ती करण्याची संधी तर नाहीच.

तिसऱ्या खंडात 'गोंड-गोवारी' या नावावर जेमतेम पान-दीड पानाचा मजकूर आहे. त्यात सांगितलेले थोडक्यात असे. ही गोंड आणि मराठी मुलखातले गोवारी यांच्या संबंधांतून झालेली लहानशी मिश्र जात. दोघांपेक्षा खालची, अशुद्ध. तरी लोक त्यांना कधी गोंड समजतात, कधी गोवारी. १९०१ च्या शिरगणतीत त्यांची संख्या सुमारे ३००० आली, मुख्यतः नागपूर आणि चांदा जिल्ह्यांतून. १९११ च्या शिरगणतीत त्यांना गोवारींमध्ये मिळवून टाकले, आणि दोघांचे मूळ एकच असल्याने तसे करायला हरकत नाही.

१९११ हे वर्ष येते ते इथून, असे माझे वाचन आहे. न्यायालयापुढे इतरही कागद होते हे मला ठाऊक आहे. पण या मजकुरात कोणी मेल्याचे, पांगल्याचे, संपल्याचे एक अक्षर नाही. शिरगणतीच्या तक्त्यात दोन रकान्यांचा एक रकाना केला, एवढेच आहे. दहा वर्षांपूर्वी मोजलेली ३००० माणसे १९११ साली होती तिथेच गुरे राखत होती. मोजणाऱ्याने त्यांची बेरीज दुसऱ्या नावाखाली मांडली. गोवारींची संख्या तेव्हा दीड लाखाच्या वर होती, त्यात ती सहज मावली. पुढे शंभर वर्षांनी तीच बेरीज जमातीचा मृत्युदाखला म्हणून वाचली गेली.

गंमत अशी की हे वाचन गोवारींच्या बाजूने झाले. आणि त्याच परिच्छेदात त्यांच्या बाजूचे याहून भक्कम विधान आहे, दोघांचे मूळ एक असल्याचे. पण ते वापरायचे तर 'मिश्र' हा शब्दही सोबत घ्यावा लागतो, आणि तो शब्द आपल्याकडे कोणालाच नको असतो.

आता मजकूर कसा बांधला आहे ते पाहू. गोंड-गोवारींच्या उत्पत्तीची एक कथा दिली आहे : दोन भावांपैकी एकाने चुकून गायीचे मांस खाल्ले, त्याचे वंशज ते हे. ही कथा कोण सांगते? गोवारी सांगतात. पुढे लेखक स्वतःचा तर्क देतात की गोंड आणि गोवारी दोघेही दिवसेंदिवस जंगलात असतात, तेव्हा तरुण पोरापोरींची जवळीक होणे साहजिकच, आणि त्या अनियमित संबंधांतून ही जात झाली. 'साहजिकच' या एका शब्दावर एका जातीची उत्पत्ती उभी आहे. साक्षीदार नाही, गाव नाही, काळ नाही. शेजाऱ्याची कुचाळकी आणि साहेबाची अटकळ. ज्यांच्याबद्दल हे सगळे लिहिले त्या गोंड-गोवारींच्या तोंडचे एक वाक्यही त्या मजकुरात नाही.

तरीही मजकूर टाकाऊ नाही. लेखक मूळ सांगतात तिथे तो सैल आहे, पण चालीरीती नोंदतात तिथे घट्ट होतो. गोंड-गोवारींची कुळे गोंडी नावांची. गोंडांप्रमाणेच सहा देव पुजणारे आणि सात देव पुजणारे असे दोन भाग, आणि सारखे देव असलेल्यांत सोयरीक नाही. सातवी देवी म्हणजे भोसल्यांच्या काळचा तांब्याचा पैसा. बुढादेव म्हणजे लोखंडाचा तुकडा. आणि खोडा व खोडवान हे दोन देव म्हणजे कळंबाच्या लाकडाचे दोन तुकडे. हे कोणीतरी समोर बसून, देव्हारा उघडून दाखवले असणार. अशी माहिती अटकळीने मिळत नाही.

त्याच खंडात काही पाने पुढे 'गोवारी' हा स्वतंत्र लेख आहे. तो मन लावून वाचला की पहिला मजकूर डळमळू लागतो. तिथे गोवारींचे तीन पोटभेद सांगितले आहेत : गायगोवारी, इंगा, आणि मारिया ऊर्फ गोंड गोवारी. म्हणजे मागच्या पानांवर जी वेगळी जात होती, ती इथे गोवारींचीच एक शाखा झाली. गायगोवारी वरचे, इंगा आणि गोंड गोवारी गोंडांपासून अधिक थेट निघालेले. शिजवलेल्या अन्नाची उतरंडही दिली आहे. गायगोवारींकडचे दोघे खातात, इंगांकडचे गोंड गोवारी खातात, उलट मात्र कोणी खात नाही. आणि गोवारींचे खास देव कोण? कोडे-कोडवान, म्हणजे वाडवडील. मागच्या लेखातले खोडा-खोडवान आणि इथले कोडे-कोडवान ही एकच जोडी, दोन माहितगारांच्या उच्चारांतून दोन तऱ्हांनी उतरलेली, असे मला वाटते. लेखकांनी ती ताडून पाहिलेली दिसत नाही. इतक्या मोठ्या ग्रंथात ते राहून गेले असेल. पण ज्यांचे देव एक, ज्यांची अन्नव्यवहाराची शिडी एक, ते दोन की एक, हे तो ग्रंथ स्वतःच ठरवू शकलेला नाही. अशा ग्रंथातून एकच पान काढून कोणी ते पुरावा म्हणून पुढे केले तर समोरचाही त्यातलेच दुसरे पान काढू शकतो. आणि झालेही तसेच.

मग प्रश्न उरतो तो 'मिश्र' या शब्दाचा. तो आपल्याकडे इतका का टोचतो, हे पाहायला मला थोडे दूर जावे लागले. ज्या १९१६ साली रसेल-हिरालालांचा ग्रंथ निघाला, त्याच साली मेक्सिकोत मानुएल गामिओ या मानववंशशास्त्रज्ञाचे 'फोर्हांदो पात्रिया' हे पुस्तक निघाले. नावाचा अर्थ साधारण 'मातृभूमी घडवताना'. तिकडे स्पॅनिश आणि मूळनिवासी यांच्या संकरातून झालेल्या माणसाला मेस्तिसो म्हणतात. स्पॅनिश अमलात या मिश्र प्रजेच्या प्रकारांची चित्रे काढून घेत, बाप अमुक, आई तमुक, तर मूल तमक्या नावाचे. रसेलच्या खंडांची ती रंगीत आवृत्तीच. पण १९१० च्या क्रांतीनंतर वारे फिरले. मेस्तिसो हाच खरा मेक्सिकन, असे गामिओंनी मांडले. आणि १९२५ साली माजी शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी तर सगळ्या वंशांच्या मिश्रणातून उद्याचा विश्ववंश होणार, असे भाकीत पुस्तकातून केले. आपल्याकडे जो शब्द शिवीजवळ जातो तो तिथे राष्ट्राचे नाव झाला.

विदर्भातला एक माणूस हे सगळे डोळ्यांनी पाहत होता. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग खानखोजे, गदर पक्षाचे क्रांतिकारक, इंग्रजांमुळे मायदेशी परतणे अशक्य झालेले, १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हाच्या नव्या जाती तयार करणे हे त्यांचे काम. दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या 'आमची भाकर' या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसलेला माणूस खानखोजेंच्या चेहऱ्याचा आहे. एका बेल्जियन बाईशी त्यांनी लग्न केले, दोन मुली झाल्या, आणि स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले. १९६७ साली तिथेच वारले. खानखोजेंवर आपण क्रांतिकारक म्हणून लिहितो, आणि ते योग्यच. पण मेस्तिसो राष्ट्राने आपल्या भिंतीवर भाकर वाटणारा म्हणून वर्ध्याचा माणूस बसवला, या गोष्टीचा अर्थ कोणी फारसा लावलेला नाही. त्या भिंतीवर कोणी त्याला दाखला मागितला नव्हता.

खानखोजेंच्या धंद्यातला शब्दही संकरच. धानाच्या आमच्या जिल्ह्यात शेतकरी संकरित बियाणे पैसे मोजून आणतो आणि अभिमानाने सांगतो. तोच शब्द माणसाला लावला की गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन आठवतो आणि घरात शांतता पसरते. मराठीत या अर्थाचा एकही निरोगी शब्द नाही. मिश्र, संकर, धेडगुजरी, पाहा शोधून.

म्हणून मेक्सिकोचे सगळे गोड मानावे असे मात्र नाही. १९२१ च्या जनगणनेत तिथे वंश विचारला होता, तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास लोक मिश्र नोंदले गेले. १९३० पासून वंशाचा रकाना गेला आणि मूळनिवासी ओळखायचा तो भाषेवरून. मुलगा शाळेत स्पॅनिश शिकला, घरची बोली सुटली, की तो मूळनिवासी राहिला नाही, मेस्तिसो झाला. गिल्येर्मो बोन्फिल बाताया यांनी १९८७ च्या 'मेहिको प्रोफुंदो'त यावर नेमके बोट ठेवले. मेस्तिसो म्हणवणारे कितीतरी लोक रक्ताने मिसळलेले नाहीतच, ते मूळनिवासीपण गाळून घेतलेले मूळनिवासी आहेत, असे त्यांचे म्हणणे. आफ्रिकी वंशाचे मेक्सिकन तर या मिश्रणाच्या कथेत धरलेलेच नव्हते. संपूर्ण जनगणनेत त्यांना स्वतःचा रकाना मिळाला तो २०२० साली, आणि पंचवीस लाखांवर माणसे त्यात निघाली. तिथे मिश्र होणे ही नागरिक होण्याची पायरी ठरली, इथे मिश्र असणे हा दाव्यातला दोष ठरतो. बोन्फिल वाचल्यावर मला गोवारींचा दावा वेगळ्या तऱ्हेने समजला. आम्ही गोंडांतून निघालो, गोंडी सुटली, मराठी आली, गुरांमागे गावोगाव गेलो म्हणून गोवारी झालो, असे तो दावा म्हणतो. हे खरे असेल किंवा नसेल. पण ते मिश्रणाचे विधान नाही, गळतीचे आहे, आणि कायद्याच्या रकान्यात ते मांडायला जागाच नाही.

रकाना सरहद्दीवर बदलतो, हेही तिकडेच जास्त ठळक दिसते. रिओ ब्राव्हो ओलांडून अमेरिकेत गेलेला मेक्सिकन १९३० च्या अमेरिकी जनगणनेत 'मेक्सिकन' या वेगळ्या वंशाचा झाला. मेक्सिकोच्या सरकारने तक्रार केल्यावर १९४० साली तो पुन्हा गोरा ठरला. माणूस तोच, शेत तेच. कॅलिफोर्नियात तर पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. भिन्न वंशांच्या लग्नाला तिथे बंदी होती, पण नोंदणी कारकुनाला दोघांचा रंग सारखाच दिसे.

आपल्याकडे नदी लहान आहे, पण गोष्ट तीच. १९५६ पर्यंत बालाघाट आणि आमचा जुना भंडारा जिल्हा एकाच मध्य प्रदेशात होते. तरी बालाघाटच्या बैहर तहसिलीतला गोंड अनुसूचित जमातीत, आणि देवरी-सालेकशाचा गोंड नाही. इकडे खाली गडचिरोली, सिरोंचा या तहसिली यादीत, भंडारा जिल्हा बाहेर. सोयरीक मात्र तिकडची इकडे, इकडची तिकडे चालूच होती. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले आणि तेव्हा कुठे आमच्याकडचा गोंड कागदावर आदिवासी झाला. रातोरात त्याच्या रक्तात काही बदलले नव्हते. आजही बालाघाटहून लग्न होऊन आलेल्या बाईचा दाखला तिच्या माहेरच्या राज्याचाच धरतात आणि राज्य बदलले की जमातीचे हक्क सोबत येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच ठरवून दिले आहे.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोवारींना जमातीत घेण्याला आदिवासी संघटनांचा विरोध आहे आणि तो नुसता हेका नाही. जागा मोजक्या आहेत. डोंगराकडच्या गोंड, माडिया, कोलाम मुलांच्या वाट्याला आताच किती येते ते आश्रमशाळांत जाऊन पाहावे. बनावट दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. गोंड मित्रांपैकी एकाने मला विचारले, तुमच्या या देवांच्या जोडीवरून उद्या आणखी दहा जाती आत येतील, मग? याचे उत्तर माझ्याकडे ग्रंथातून निघत नाही. दावा कोणाचा खरा हे ठरवण्याची कुवत या लेखाची नाही. एवढे मात्र म्हणतो की दोन्ही बाजू ज्या पानांवर विसंबतात ती पाने ते ओझे पेलत नाहीत. माना जमातीबाबत २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अठराव्या क्रमांकातले एक नाव स्वतंत्र जमात म्हणून वाचले. 'गायकी' हे नाव तर त्याच रांगेत आहे. आणि आमच्याकडे गावची गुरे राखणारा कोणत्याही जातीचा असो, त्याला गायकीच म्हणतात. हे नाव यादीत जमातीचे म्हणून कसे शिरले, त्याचेही कोणी एकदा वाचन करायला हवे.

यादी करणाऱ्यांनी १९५६ साली 'गोंड गोवारी' हे नाव कुठून उचलले? माझा अंदाज रसेलच्या पानाकडे झुकतो, पण अंदाजाने मीही रसेलच्याच वाटेला लागेन. त्यापेक्षा गावातले कागद बरे. कोतवाल बुकात, जन्ममृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात १९०१ ते १९५० च्या दरम्यान त्या त्या पाटवाऱ्याने, मास्तराने, कोतवालाने काय शब्द लिहिला, तो एका कुळात आजोबापासून नातवापर्यंत कसा बदलला, हे गावागणिक मांडून पाहता येईल. मी पाहिलेल्या थोड्या पानांत एकाच घरातला थोरला भाऊ 'गोवारी' आणि धाकटा 'गोंडगोवारी' असा सापडला, दोघांच्या नावापुढे एकाच कोतवालाचे अक्षर. आमगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली पाने अजून पाहायची आहेत. गोवारी, गोंड, कोणत्याही घरातल्या वाचकाकडे अशी जुनी नक्कल असेल तर तिची छायाप्रत संपादकांच्या पत्त्यावर पाठवावी. नावे झाकून पाठवली तरी चालेल, मला फक्त जातीच्या रकान्यातला शब्द आणि साल हवे आहे.